अठरा जिवाणूंचे डोळे

"हे पाणी मला मिळेल का? थोडंच... बाटलीभर."

असं मागणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. साल बासष्ट, श्रावण निम्मा सरलेला. मिठबावच्या आमच्या गणपतीच्या शाळेत — आमच्याकडे मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात — मी कोपरापर्यंत मातीने बरबटलेली, आणि दारात छत्री मिटून एक तरुण उभा. त्याची नजर मात्र माझ्यावर नव्हती. ती होती कोपऱ्यातल्या पिंपावर. त्यात पंधरा दिवस माती भिजत पडली होती आणि वास असा, की कुत्रंसुद्धा जवळ फिरकत नसे.

"ता पाणी घाण आसा," मी म्हटलं.

"म्हणून तर हवंय."

मी हसले. हसायला नको होतं, कारण मग तोही हसला आणि त्याच्या उजव्या गालाला खळी पडते हे मला कळलं. हातातल्या गणपतीची सोंड वाकडी झाली. भाईंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मोडून पुन्हा करायला लावली.

तो गुरुदास. आमच्या नव्या हायस्कुलात आलेला शास्त्राचा मास्तर, मूळचा कुडाळचा, शिकलेला कोल्हापुरात. दोन दिवसांनी पंच्यात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक घेऊन तो पुन्हा आला. खिडकीशी उजेडात यंत्र मांडलं, काचेवर आमच्या पिंपातला एक थेंब ठेवला आणि म्हणाला, "बघा, सुगंधाबाई, तुमच्या शाळेत किती पोरं आहेत ती."

मी डोळा लावला. आधी नुसतं धुकं दिसलं. मग त्या धुक्यात काहीतरी सुळकन गेलं... बारीक मळसूत्रासारखं, गिरक्या घेत. त्यामागून एक काडी आणि मण्यांची एक छोटी माळ. मी डोळा न काढता बाजूच्या ओल्या मातीवर बोटाने तिन्ही आकार काढले. डोळा काढला, तेव्हा तो यंत्राकडे नाही, माझ्या बोटाकडे बघत होता.

"माझ्यासाठी तक्ते काढाल?" त्याने विचारलं. चतुर्थीच्या आधी तपासणीला रत्नागिरीहून शिक्षणखात्याचे डेप्युटी साहेब येणार होते. जिवाणूंचे तीन मोठे तक्ते हवे होते. मी आढेवेढे घेतले, पण एवढेच, की तो परत जाणार नाही.

मग तो येत राहिला. मी माती मळायची आणि तो सांगायचा. गोल ते गोलाणू, काडीसारखे ते दंडाणू, पिळाचे ते तिसरे. प्रत्येकाला बाहेरून एक भिंत, आकार देणारी. ती काढून घेतली तर दंडाणूसुद्धा फुगून गोळा होतो. मी म्हटलं, म्हणजे साचा बाहेर आणि माती आत. तो थबकला आणि म्हणाला, हे मी वर्गात असंच सांगणार. काही जिवाणू भिंतीवरून चिकट पांघरूणही घेतात. काही वाईट दिवस आले की आतल्या आत टणक बीजाणू करून वर्षानुवर्षं वाट बघत बसतात. आणि काहींना केसासारख्या शेपट्या असतात, कशाभिका. त्या हलवून ते गोडाकडे पोहत जातात.

"गोड खंय आसा, ता तेंका कसा कळता?"

"कळतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कसं ते विचारू नका."

जाताना दर वेळी बाटलीभर पाणी न्यायचा. मला वाटायचं, शास्त्राला घाण फार लागते.

सगळं छान चाललं होतं आणि मग वेंगुर्ल्याच्या एसटीने बिस्किटांचा तो डबा आला. त्यात कापसात ठेवलेल्या काचा, प्रत्येकीवर मोत्यासारख्या अक्षरात नाव. "कशाभिका साध्या रंगात दिसत नाहीत," गुरुदास म्हणाला. "त्यांना रंगवणं महाकठीण. हे काम सुशीलाच करू जाणे. काय हात आहे तिचा!"

हात. मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. माझ्या आत जे पेटलं, त्याला दुसरं नाव नाही. तो मत्सर होता, चांगला निखाऱ्यासारखा. सुशीला त्याच्याबरोबर कोल्हापुरात शिकलेली आणि आता वेंगुर्ल्याच्या फळबागेच्या प्रयोगशाळेत होती. हायस्कुलाच्या शिपायाने, गणपतने, उरलेलंही ऐकवलं. तिच्या घरून मास्तरांना विचारणा झाली होती आणि चतुर्थी झाली की बोलणी होणार होती.

गुरुदासने ती काच यंत्राखाली लावून दिली. मी डोळा मिटूनच भिंगाशी नेला.

"दिसल्या?"

"दिसल्यो."

तिच्या हातचं काही मला बघायचं नव्हतं. तक्त्यावरच्या दंडाणूंना मी माझ्या मनाची एकेक जाड शेपटी लावली, बेडकाच्या पिल्लासारखी. त्यानंतर तो आला की मी मागीलदारी जाऊन बसायची. भाईच त्याला पाणी भरून द्यायचे.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी तक्ते पूर्ण केले. आमच्या शाळेची एक रीत आहे. डोळे शेवटी काढायचे, आंघोळ करून, कोणाशी न बोलता, आणि डोळ्यांशिवाय काहीही दाराबाहेर पाठवायचं नाही. भाईंचा हात कापायला लागल्यापासून डोळे माझ्याकडे आले होते. त्या महिन्यात चाळीस मूर्तींचे डोळे मी काढले होते. शेवटच्या तक्त्यावर अठरा जिवाणू होते, आणि मला ते अर्धवट वाटले. हात आपोआप गेला. एकेकाच्या आत मी एकेक काळाभोर, टपोरा डोळा काढला. तक्ते भाईंच्या हाती पाठवून दिले.

मी जाणार नव्हते. पण सुशीला स्वतः येणार असल्याचं कळलं आणि पाय हायस्कुलाच्या खिडकीशी गेले. ती पुढच्या बाकावर होती. फिक्या निळ्या पातळात, सावळी, देखणी... आणि नखं स्वच्छ.

डेप्युटी साहेबांनी तिसऱ्या तक्त्यावर छडी टेकली. "मास्तर, जिवाणूला डोळे असतात?"

वर्ग हसला. माझे कान तापले.

"नाही साहेब," गुरुदास म्हणाला. "त्याला आपल्या पेशीसारखं वेगळं केंद्रकही नसतं, ते द्रव्य आत मोकळंच असतं. चूक चित्रकाराची नाही. मी सांगायचं विसरलो."

मग शेपट्यांवर प्रश्न आला, तेव्हा सुशीला उठली आणि तिने तीच काच यंत्राखाली लावून साहेबांना दाखवली. साहेब खूश झाले. माझी चूक तिने निस्तरली होती. मला ती अजूनच आवडेनाशी झाली.

सगळे चहाला गेले, तशी ती सरळ खिडकीशी आली. "तूच ती चित्रां काढणारी मा गो? त्यो शेपट्यो बगून कळला, तू काच बगूक नाय. आत ये. आता तरी बग."

नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. मी बघितलं. डोळा उघडा ठेवून. एका दंडाणूच्या सगळ्या अंगातून केसाहून बारीक, नागमोडी दोरे निघाले होते, आणि एकही तुटलेला नव्हता. इतकं नाजूक काम माझ्या हातून झालं नसतं. मी तिला तसं सांगितलं.

"ते डोळे तेना सकाळीच बगलेले," सुशीला हळूच म्हणाली. "मी म्हटलंय, खोडून काढूया. तेना हात लावूक दिलो नाय." ती थोडा वेळ काच पुसत राहिली. "दोन वर्सां मी काचो धाडतंय. बगूक म्हणान तो एकदाव वेंगुर्ल्याक इलो नाय. तुझ्या त्या घाण पाण्याक कितीदा इलो?"

मी मनातल्या मनात बाटल्या मोजू लागले.

"एका बाटलेत वर्साची शिकवणी होता गो," ती म्हणाली आणि डबा काखेत मारून एसटी गाठायला निघून गेली. मी तिच्यावर इतके दिवस जळले होते, आणि आता तिच्या पाठमोऱ्या पातळाकडे बघून मलाच रडू आलं.

चतुर्थीला मूर्ती घरोघर गेल्या. शाळा रिकामी झाली. मी जमीन सारवली, पिंप धुऊन अंगणात पालथं घातलं. गुरुदासचा मात्र पत्ता नव्हता. तो कुडाळला घरी गेला होता, आणि बोलणी तिथेच व्हायची होती. पाच दिवस मी गौरीच्या पाटाशीही फटकून वागले.

सहाव्या दिवशी दारात छत्री मिटली. हातात तीच बाटली होती, रिकामी.

"पाणी नाय," मी म्हटलं. "पिंप पालथा घातलंय."

"दिसलं मला येतानाच."

"बोलणी झाली?"

"मोडली. ती म्हणाली, सुगंधापुढे माझा निभाव लागायचा नाही." त्याने बाटली उंबऱ्यावर ठेवली. "खरं म्हणजे... मीही नकारच सांगायला गेलो होतो."

"मगे हंय कित्याक इलात?"

आजवर तो माझ्याशी वर्गात बोलावं तसंच पुस्तकी बोलत आला होता. आता त्याने एकदा घसा साफ केला, पुन्हा केला. खळी पडली आणि गेली.

"तुका बगूक," तो म्हणाला.