वाटीभर इंधन

जवळ सरा, मंडळी, अजून थोडं सरा. चंद्रावरच्या एका गाडीची कथा सांगतो. मनात देवाचं नाव असू द्या, पुढे लागेल.

चंद्राच्या दक्षिण टोकावरचा तळ वीस वर्षांसाठी बंद होत होता. माणसं परतणार, ‘कूर्म’ ही सहाचाकी गाडी मात्र कोठीत राहणार. पुढच्या तुकडीची सारी भिस्त तिच्यावर. तिची निरवानिरव म्हाताऱ्या नारोजी धुमाळांकडे होती. चाकं ठोकळ्यांवर चढली, कॅमेरे निघून पेटीत गेले.

“डोळेच काढले, मग ही बया राखण कशी करणार?”

“नाकानं,” अभियंता यास्मिन इनामदार हसली. “काका, एवढ्या काळात यंत्राचा वैरी एकच, बाष्प. चाकं ठोकळ्यांवर चढून एक दिवस झाला की गाडीतली राखणमती, म्हणजे तिची यांत्रिक बुद्धी, तेवढंच हुंगायला लागते. वास लागला की कोठीचं दार पाडते आणि छतावरच्या आरशांनी ऊन आत घेऊन कोठीची भट्टी करते. सगळं कोरडं होईस्तोवर.”

“आत माणूस असला तर?”

“डोळ्यांशिवाय माणूस म्हणजे तिला बाष्पच. आपले पोशाख गारव्यासाठी वाफ सोडतात ना! म्हणून डोळे नसताना तिला जागं ठेवायचंच नाही, टाकी पार रिकामी हवी. इंधन संपलं की मती झोपते. वीस वर्षांनी येणारे आधी डोळे बसवतील, मग इंधन भरतील.”

“आणि दार?”

“पाडायला एक क्षण. हातचाकानं उचलायला आठ दिवस. उचलतील बापडे!”

नारोजींनी टाकी उपसली. तळाशी वाटीभर उरलं तेव्हा त्यांचा हात थबकला. शेजारणीचं भांडंसुद्धा त्यांच्या आईनं कधी रितं परत केलं नव्हतं. तळाला चिमूटभर साखर तरी असायचीच. इतकी वर्षं जिनं पाठीवर वागवलं, तिला उपाशी निजवायचं? वाटीभरानं काय होतंय! त्यांनी तोटी बंद केली.

“झाली का रिकामी?”

“झाली, पोरी.”

दुसऱ्या दिवशी यास्मिन शेवटची फेरी मारायला कोठीत शिरली. नारोजी पेटी घेऊन बाहेर उभे होते. दार पडलं. हवाच नाही तिथं, आवाज कुठला? फक्त पायाखालची जमीन हादरली.

“काका,” कानातल्या यंत्रात तिचा आवाज आला, “आरसे वळतायत. ही जागी कशी?”

नारोजींनी पेटी खाली ठेवली. “वाटीभर ठेवलं होतं. तिच्यासाठी.”

ती म्हणाली, “वाटीभरात ती अकरा वर्षं जागी राहील. मी अर्धा तास.”

“तोटी आहे बघ, पोटाखाली. सोड!”

तिनं सोडली. आरसे थांबले, मती झोपली.

“सुटलीस!” नारोजी ओरडले. “आता भिंतीतून टाकीत जाणाऱ्या बाहेरच्या नळीनं घोटभर भरतो, म्हणजे ती दार उचलेल.”

“भरू नका, काका.”

“का गं?”

“भरलंत की ती जागी होणार. जागी झाली की आधी हुंगणार. आत मी आहे.”

नारोजींच्या हातातून नळी गळली. भरलं तर भट्टी, न भरलं तर दार मेलेलं. पेटीतले डोळे बाहेर, डोळे बसवायची जागा आत. तिच्या पाठीवर सात तासांची हवा.

तळावरच्या सगळ्यांनी आळीपाळीनं हातचाक फिरवलं. नारोजी मात्र बाजूला होईनात. तळहात सोलले तरी नाहीत.

“काका, माझं मिरजेचं घर माहीत आहे ना?” सहाव्या तासाला तिनं विचारलं. “अम्मीला तुम्हीच सांगा. चूक कोणाची ते नका सांगू.”

“सांगणार. तेच आधी सांगणार.”

“हट्टी आहात.”

त्यानंतर ती बोलली नाही. दार तेव्हा चार बोटं उचललं गेलं होतं.

मंडळी, नारोजी मिरजेला गेले आणि सगळं सांगून आले. तेव्हापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून मी मागतो: आज निजण्याआधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत यास्मिन इनामदार हे नावही घ्या.