शेवटपर्यंत सांगितलेल्या गोष्टी

"खरंच वाचतोस, की मुलींकडे बघायची भीती वाटते म्हणून पुस्तकात तोंड लपवतोस?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून टकळीने सरळ जाऊन विचारलं. टकळी दहावीतली, तोंड एकदा सुरू झालं की देवाच्यानेही बंद होईना, म्हणून हे नाव. समोर होता अकरावीतला भुंगा. वाचताना ओठांतल्या ओठांत गुणगुणायचा, म्हणून भुंगा.

त्याने पानात बोट ठेवून वर पाहिलं. "भीतीच वाटते. पण आता तू समोरच येऊन उभी राहिलीस… बघावं लागणार."

मागे मैत्रिणी खिदळल्या आणि टकळीची बोलती आयुष्यात पहिल्यांदा बंद झाली.

जिन्याखालच्या वाचनालयात मधल्या सुट्टीत भुंगा पाचवीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायचा. पुस्तक म्हटलं की नाक मुरडणारी पोरं ती. पण गोष्ट ऐन रंगात आली की हा खुशाल पुस्तक मिटायचा. पुढचं हवं त्याने घरी न्यावं, म्हणायचा. मग काय, पोरं हमरीतुमरीवर! मोठ्या बाईंनी बजावलं होतं – सत्र संपेपर्यंत कपाट रिकामं होताना दिसलं नाही, तर खोली मोडक्या बाकांना देणार.

टकळीही त्याच युक्तीला फसली. जेवताना डाव्या हाताने पानं उलटते म्हणून आईचा धपाटा खाल्ला, पण पुस्तक संपवलं. मग ती रोज त्याच्या शेजारी बसू लागली. एकदा तिची वेणी पानावर पडली, तर त्याने ती बाजूला केली नाही. वेणीखालच्या ओळी अंदाजाने वाचल्या… सगळ्या चुकीच्या.

मग सत्राच्या शेवटच्या आठवड्यात भुंग्याचा घसा बसला. आठवडाभर गोष्ट टकळीकडे.

आणि इथेच घात झाला. तिला थांबताच येईना. हातवारे, आवाज, रडणं, सगळं करून तिने गोष्टी पार शेवटपर्यंत सांगून टाकल्या. कपाटातल्या एकूण एक चांगल्या गोष्टी. पोरांनी टाळ्या पिटल्या, आधी नेलेली पुस्तकं परत आणून ठेवली, आणि एकानेही नवं नेलं नाही. "शेवट कळला की, ताई," एक जण शहाण्यासारखा म्हणाला.

शेवटच्या दिवशी मोठ्या बाईंनी गच्च भरलेलं कपाट पाहिलं. दुपारी खोलीत बाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले.

भुंगा जिन्यावर बसला होता. ती दोन पायऱ्या खाली बसली.

"रागाव ना माझ्यावर," ती म्हणाली.

"कुठल्या तोंडाने?" त्याचा आवाज अजून घोगराच होता. "मी रोज दाराबाहेर उभा असायचो. तुला थांबवायला यायचो, आणि… ऐकतच राहायचो. तू आवडतेस मला. त्यापायी खोली गेली."

हे ऐकायला ती किती दिवस झुरत होती! आणि ऐकलं, ते खोली गेल्यावर. समोर पाचवीची पोरं भिंतीवर पाय हलवत रिकामी बसली होती. बरं झालं, आता वाचायला नको, असं कोणीतरी म्हणालं, आणि बाकीचे हसले. भुंग्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिने त्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं. आत बाकांवर बाकं चढत होती.

घरी आई-बाबा चहा पीत होते. टकळी दप्तरासकट समोर जाऊन उभी राहिली.

"मी संध्याकाळचा क्लास सोडतेय. त्या वेळात आपल्या बाहेरच्या खोलीत पाचवीची पोरं येतील, वाचायला. बाबा, पुस्तकं मागायला उद्या तुम्ही माझ्याबरोबर मोठ्या बाईंकडे यायचंय. आणि वाचून दाखवायला एक मुलगा येईल. आई, बाहेरून कानावर येण्याआधी मीच सांगते – तो मला आवडतो."