वहिनींच्या स्पीकरमधला आवाज

“...रोज रात्री नवरा बोलतो म्हणे तिच्याशी, आणि ती...”

जिन्यात एवढंच कानावर पडलं. मला बघून दोघी शेजारणी गप्प! अर्धी बातमी मला पचत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे, पोरांनो. वाटी घेतली, साखरेच्या निमित्तानं खालच्या वहिनींचं दार वाजवलं.

नवरा, म्हणजे आमचे दादा, जाऊन वर्ष झालेलं. दीर टपलेलाच. वहिनीला वेड लागलंय म्हणायचं, आश्रमात टाकायचं, घर गिळायचं.

“भाऊजी, टीव्हीचा स्पीकर बोलतो हो,” त्या रडवेल्या झाल्या. “बंद असला तरी.”

बसलो. थोड्या वेळानं घर्रर्र... “हॅलो, कुणी ऐकतंय का?”

हात्तिच्या! हा तर वरचा रेडिओवाला. हौशी रेडिओवरून साता समुद्रापलीकडे गप्पा मारतो म्हणे. जिन्यात मात्र आपल्याकडे बघायचंही नाही.

तडक वर गेलो.

“काका, मावशींचा स्पीकरच भंगार. मी परीक्षा देऊन लायसन्स घेतलंय.”

“लायसन्स घाल चुलीत. तुझ्या खेळापायी एका बाईचं घर जातंय!”

तेव्हा कुठे कबूल झाला. एरियलच्या केबलच्या आतून वर जायचा करंट बाहेरच्या अंगानं परत खाली येत होता आणि घराघरांतल्या वायरींत घुसत होता. वर्षभर ठाऊक होतं या दीडशहाण्याला! गच्चीवर चढायचा कंटाळा.

मार्चातला शेवटचा शनिवार. रात्री दिराला समोर बसवून आधी स्पीकर ऐकवला. मग रेडिओवाल्यानं गच्चीवर जाऊन केबलला, तो परतीचा करंट अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्यातून वेढे दिले आणि तो पुन्हा रेडिओवर बोलला. स्पीकर मुका.

“कुणाला लागलंय वेड?” मी विचारलं. दीर तोंड पाडून गेला.

रेडिओवाला खाली आला, ऐटीत.

“बोलणारा तू होतास तर,” वहिनी हळूच म्हणाल्या. “आणि उत्तरं देणारा?”

“उत्तरं?” त्याची ऐट उतरली. “मावशी, केबलवरून माझंच बोलणं येतं. समोरच्याचं येऊच शकत नाही. आणि... समोर कुणी नव्हतंच. वर्षभरात मला एकानंही उत्तर दिलेलं नाही.”

साता समुद्रापलीकडे गप्पा! हसू यायला हवं होतं.

नाही आलं.

मी उठलो. स्पीकरचा प्लग काढला.

...

“ऐकतोय,” स्पीकर म्हणाला. “बोल.”

घरघर नाही. स्वच्छ. अगदी जवळून.

“वहिनी... दादांचा आवाज?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“हा कोण, मलाही माहीत नाही, भाऊजी.”

वहिनी आजही त्याच घरात राहतात. स्पीकर कपाटात आहे, वायर कापून ठेवलेला. कपाटाच्या फटीतून त्याचा लाल दिवा दिसतो.