बेटाला दिलेला शब्द

तापीच्या मुखाजवळ, खाडीपल्याड एक बेट आहे. माणसाची वस्ती नाही. पक्ष्यांसाठी राखलेली जागा. जंगल खात्याचा गंजका फलक, तिवरांची झाडी आणि चिखल. सकाळी नावेनं जायचं, पाखरं बघायची आणि भरतीच्या आत परतायचं. सरलाबाई अशा ठिकाणी हौसेनं जाणारी बाई नव्हे. उधन्याच्या गिरणीवस्तीतल्या खोलीतून ती बाहेर पडायची ती खानदेशातल्या लग्नांपुरती. पण त्या रविवारी तिनं भाकरी बांधल्या, नवऱ्याचा दंड धरला आणि नाव गाठली.

नवरा सुकलाल लूमवरचा, यंत्रमागावरचा कारागीर. दिवाळीच्या सुट्टीत सोबत्यांबरोबर हेच बेट बघून आला आणि त्याचं अन्न तुटलं. घास तोंडाशी नेई आणि थांबे. लूमवरून थेट घरी यायचा, तरी तळवे काळ्या चिखलानं माखलेले असायचे. दाराकडे बघत, कुणी बोलावत असल्यासारखा पुटपुटायचा, "बलाई र्‍हायनात माले..." डॉक्टर झाले, नवस झाले. धडधाकट माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला.

मग एका सोबत्यानं गंमत म्हणून सांगितलं, की निघताना सुकलालनं रिकाम्या बेटाला हात करून म्हटलं होतं, "येस मी." म्हणजे येतो मी.

सरलाबाईला सगळं उमगलं. घरातून निघताना कुणी 'जातो' म्हटलं की ती भांडं आपटायची. अभद्र बोलू नका, 'येतो' म्हणा! त्या धाकानं बिचाऱ्याची जीभ तशीच वळली होती. बेटावर मात्र कुणीतरी तो शब्द खरा धरला होता.

"जलदी करजो, बेन. पाणी चढशे," नावेवाले नगीनभाई म्हणाले. ते स्वतः खाली उतरले नाहीत.

दोघं झाडीपाशी पोचली आणि पाखरं गप्प झाली. भर उन्हात गारवा आला. कुजक्या पाल्याचा, ओल्या मिठाचा वास नाकात बसला. मागे चिखलात काहीतरी पचक पचक वाजत होतं. सरलाबाईनं वळून पाहिलं. त्यांच्या पावलांशेजारी तिसरी पावलं उमटत होती, अनवाणी, आणि पाण्यानं भरत होती. पाय मात्र कुणाचेच नव्हते.

"येस म्हनं व्हतं ना तू..."

झाडीतून आलेला तो आवाज हुबेहूब सुकलालचा होता. सुकलाल मुकाट तिकडे निघाला. तिनं दंड सोडला नाही.

"म्हना..." ती कुजबुजली. "म्हना, जास मी."

त्यानं भांबावून तिच्याकडे पाहिलं. "तू ते म्हनू देस नई ना..."

"आज माले चालस!" सरलाबाई कडाडली. भीती होतीच, पण संताप तिच्याहून मोठा होता. "म्हना! जास मी, परत येत नई!"

"जास मी..." तो चाचरला. मग लूमच्या खडखडाटावर ओरडावं तसा छाती फोडून ओरडला, "जास मी! परत येत नई!"

झाडीत काहीतरी धपकन चिखलात बसलं. पुढच्या क्षणी अख्ख्या बेटावरची पाखरं कलकलाट करत उठली आणि आभाळ पांढरं झालं. सरलाबाईनं पदर खोचला. स्वतःच्या वरातीतही ती इतक्या ताठ मानेनं चालली नव्हती.

नावेत बसताच सुकलालनं विचारलं, "भाकर शे का?"

तिनं गाठोडं सोडलं. तो ठेच्यासोबत खात सुटला, ठसका लागला तरी थांबेना. सरलाबाई रडत होती आणि हसत होती. बेटाच्या जबड्यातून तिनं आपला माणूस काढून आणला होता आणि त्याला भूक लागली होती!

किनाऱ्यावर दोघं उतरली. उरलेली भाकर सुकलालच्या हातातच होती. नगीनभाईंनी नाव पाण्यात ढकलली आणि निरोपाला गुजरातीत सगळेच 'पुन्हा या' म्हणतात तसं सवयीनं म्हणाले, "आवजो!"

"येस..."

आवाज सुकलालचा होता. सरलाबाई गर्रकन वळली. सुकलाल तिच्याकडेच बघत होता, डोळे विस्फारून. त्याचे दोन्ही गाल भाकरीनं भरलेले होते.