ब्रेकवरचा पाय

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मोहियोद्दीन चाचा बाहेरच्या जुन्या टायरवर बसले. वीज गेली होती. कनेरगाव नाक्यावरचे दोन-तीन ढाबे सोडले तर सगळीकडे अंधार होता. वाशिमकडून येणाऱ्या ट्रकचा उजेड तेवढा मधूनमधून पोरांच्या तोंडांवरून फिरून जात होता.

"भुताची न्हाई सांगणार," चाचा म्हणाले. "झालेली सांगतो. हनुमानची."

"कोणता हनुमान? ओमनीवाला?" त्यांच्या नातवाने, जुबेरने विचारलं.

"तोच. आन मधी बोलायचं न्हाई. ज्याला भ्याव वाटतं त्यानं आताच घरात जायचं."

"समरीनला वाटतं," जुबेर म्हणाला.

"व्हय का? काल मोरीपर्यंत सोबत कोणाला नेलं होतं?" त्याची बहीण समरीन म्हणाली.

 शेजारच्या रागिणीने ओढणी पायांवर ओढून घेतली.

चाचांनी गोष्ट सुरू केली ती अगदी साध्या कामापासून.

दोन वर्षांखालचा पोळा. दिवस मावळलेला. बैल मिरवून घरी गेलेले, रस्त्यावर झुलींच्या झिरमिळ्या आणि गुलाल पडलेला. हनुमान सायकल रेटत चाचांच्या दुकानावर आला. त्याची मारुती ओमनी व्हॅन नाक्यापासून आत, शेतातल्या त्याच्या घरासमोर उभी होती. पुढच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तुटले होते. स्टड म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर बसतं आणि ज्यांवर नट आवळतात, ते. एका चाकाला चार असतात. दोन गेले म्हणजे चाक अर्ध्यावर आलं.

"तुटणारच," चाचा म्हणाले. "नट आवळताना पान्यावर उभा राहून नाचतोस. नट आहे तो, ऊस न्हाई पिळायचा."

हनुमान एरवी हसला असता. आज हसला नाही.

"चाचा, आईला सकाळी हिंगोलीला न्यायचंय. मशीनवर. मागची पाळी हुकली. पाय सुजले, अंग सुजलं. आता तिला आडवंही होता येत न्हाई, दम लागून राहिला."

पंचफुलाबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या मशीनवर रक्त साफ करून घेतलं की चार दिवस ठीक जायचे. एक पाळी हुकलेली निभली होती. दुसरी निभणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. हनुमानने ॲम्ब्युलन्सला फोन करून पाहिला होता. ती एका बाळंतिणीला घेऊन नांदेडला गेली होती. त्याची बायको माहेरी होती आणि शेजारचं घर सणासाठी कुलूप लावून गावी गेलं होतं.

पोळ्यामुळे सगळी दुकानं बंद. चाचांचं दुकान पंक्चरचं, त्यांच्याकडे स्टड कुठून असणार?  मग त्यांची नजर दुकानामागे गेली, आणि हनुमानचीही.

तिथे रतनसिंगची व्हॅन उभी होती. पुढून चेपलेली, काच नसलेली. आठवड्यापूर्वी नाक्यावर मसाजी धनगराची नात मिना करडामागे धावत रस्त्यावर आली. रतनसिंगने ब्रेक दाबला, गाडी वळवली, आणि ती बाभळीवर गेली. तरी पोरीला धक्का बसलाच. पोरीला हिंगोलीला नेलं. रतनसिंगला कुठेच न्यावं लागलं नाही. त्याला बाहेर काढणाऱ्यांत चाचा होते. चप्पल उडून गेली होती, पण उजवा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता. उचलेना. दोघांनी धरून उचलला.

"गाडी तुझ्याच जातीची आहे, स्टड बराबर बसतील," चाचा म्हणाले. "पण रीत पाळ. गेलेल्या माणसाच्या गाडीचं काही काढायचं तर आधी स्टेअरिंगला हात लावायचा आन त्याला सांगायचं. काहून नेतो, कोणासाठी नेतो. खरं सांगायचं."

हनुमानला घाई होती. त्याने स्टेअरिंगला हात लावला आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

"तुमचं काम संपलं, भाऊ. आता हे माझ्या कामाला येऊ द्या."

चाचांना ते बरं वाटलं नाही. पण हनुमान तोवर पाना घेऊन चाकाशी वाकला होता.

घरी येईपर्यंत गडद रात्र झाली. अमावस्या. हनुमानने मोबाईल उजेड लावून कुंपणाच्या खांबाला बांधला, गाडी जॅकवर घेतली, खाली दगड लावले. चाक काढलं, ब्रेक खोलला, आणि हातोड्याने तुटके खुंट मागे ठोकून बाहेर पाडले. रतनसिंगचे स्टड मागून घातले. बरोबर बसले. आता ब्रेक परत जोडून नट आवळायचे, म्हणजे स्टड ओढला जातो आणि आपल्या जागी घट्ट बसतो.

इथेच अडलं. चाक ज्यावर बसतं ती लोखंडी तबकडी, म्हणजे हब, हवेत मोकळी. नट फिरवला की सगळंच फिरे. अशा वेळी आत बसून कोणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. गॅरेजमध्ये पोरगं असतं. इथे कोण?

दारातून आईचा श्वास ऐकू येत होता. भिंतीला टेकून, उशा मांडीवर घेऊन ती बसली होती.

"झालं का रे?"

"झालंच, आई. एवढे नट राहिले."

त्याने लोखंडी पहारीचं एक टोक सीटला अडकवलं, दुसरं ब्रेकवर टेकवलं. खाली येऊन नट फिरवला. पहार निसटली. पुन्हा लावली. पुन्हा निसटली. मग दगड ठेवला, दोरी बांधली. काहीच टिकेना. हाताची सालं निघाली. घरातून आईच्या श्वासाला आता घरघर लागली होती.

हनुमान चाकाशी बसला आणि रडला. मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप. कपाळ हबला टेकवून, कोणाला उद्देशून नाही, असाच म्हणाला, "कोणीतरी दाबा रे…"

त्याने पाना लावला. नट फिरला.

हब हललं नाही.

पहार बसली एकदाची, असं त्याला वाटलं. त्याने भराभर आवळलं. एक बसला. दुसरा बसला. जुने दोन पक्के केले. चाक चढवलं, गाडी खाली घेतली. आईला सांगायला उठला आणि जाताजाता पहार काढायला दार उघडलं.

पहार खाली पडलेली होती.

ब्रेक मात्र दाबलेला होता. पार तळापर्यंत.

सीटवर कोणी नव्हतं.

जाम झाला असेल, तो स्वतःशी म्हणाला. त्याने चावी फिरवली, गाडी गिअरमध्ये टाकली. इंजिन गुरगुरून बंद पडलं. पुन्हा तेच. त्याने उतरून धक्का दिला. चारही चाकं मातीत रुतल्यासारखी घट्ट.

आई म्हणाली, "हनुमान…" आणि पुढचं बोलली नाही.

तो गुडघ्यांवर बसला. डोकं स्टेअरिंगखाली घातलं. ब्रेक वर ओढायला हात आत घातला.

हाताला लोखंड लागलं नाही.

बोटं लागली.

गार. मातीने भरलेली. पायाची बोटं.

"मग?" जुबेर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मधी बोलू नको म्हणलं ना," समरीन कुजबुजली. ती जुबेरच्या अगदी जवळ सरकली होती.

हनुमानने हात काढला. ओरडावं असं त्याला वाटलं, पण आई ऐकेल म्हणून ओरडला नाही. बाहेर कुत्रं नाही, रातकिडा नाही. फक्त आईचा श्वास. एक… मग बराच वेळ काही नाही… मग एक.

"रतनसिंगभाऊ," तो म्हणाला. "पाया पडतो. आई मरून राहिली माझी. सोडा."

काही नाही.

"तुमचे स्टड उद्या आणून देतो. नवे देतो. सोडा."

काही नाही.

तेव्हा त्याला स्वतःचंच बोलणं आठवलं. तुमचं काम संपलं, भाऊ. कुठे संपलं होतं? रस्त्यावर लेकरू होतं. ब्रेक दाबला होता. पुढचं रतनसिंगला दिसलंच नव्हतं. पोरगी जगली की मेली, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो अजून दाबूनच होता.

हनुमानलाही ते माहीत नव्हतं. पोरगी आठवडाभर डोळे मिटून पडली आहे, एवढंच कानावर आलं होतं. त्याने दाराला घट्ट धरलं.

"लेकरू वाचलं," तो म्हणाला. "मिना वाचली. मी पाहून आलो, भाऊ. सोडा आता."

त्याने कान ब्रेककडे लावले.

मग आत, अंधारात, लोखंड बारीकसं करकरलं.

ब्रेक वर आला. हळूहळू. कोणी खात्री करत करत पाय उचलावा तसा.

आईला उचलून त्याने मागच्या सीटवर ठेवलं. रस्ता कसा कापला हे त्याला आठवत नाही. एवढंच आठवतं की तो वेगात होता, आणि मागून आई तुटक तुटक म्हणाली, "हळू चालव… त्या भाऊला बी… उतरायचंय."

त्याने शेजारच्या सीटकडे पाहिलं नाही. हिंगोली येईपर्यंत एकदाही नाही.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर धावले. आईला लगेच मशीनवर घेतलं. नळ्यांमधून रक्त फिरू लागलं. बऱ्याच वेळाने तिचा श्वास सैल झाला, आणि डॉक्टर म्हणाले, "आणलंत ते बरं केलंत."

हनुमान बाहेर येऊन बाकावर बसला.  आई वाचली होती. पण मेलेल्या माणसाला तो खोटं बोलला होता. आणि नुसता बोलला नव्हता, त्याला गाडीत घालून इथवर घेऊन आला होता. लेकरू ज्या दवाखान्यात आहे, त्याच दवाखान्यात.

ती मेली असेल तर…

वर लहान मुलांचा वॉर्ड होता. तो जिना चढला. प्रत्येक पायरीवर त्याला वाटलं, परत फिरावं. फिरला नाही.

वॉर्डच्या दाराशी मसाजी उभा होता. घोंगडी खांद्यावर, डोळे लाल, गालांवरून पाणी वाहत होतं. ते पाहून हनुमानचे पाय तिथेच थांबले.

"मसाजीबापू… पोरगी?"

 म्हाताऱ्याने हनुमानचा हात धरला.

"उठली रे," तो म्हणाला. "आत्ता, घडीभरापहिलं. डोळे उघडले, आन म्हणते कशी, आबा, करडू कुठं हाय? आठ दिवस पाणी मागितलं न्हाई पोरीनं, आन पहिलं करडूच!"

हनुमान दाराच्या चौकटीला टेकला. कितीतरी वेळाने त्याने श्वास सोडला. आत, खिडकीजवळच्या खाटेवर मिना उशीवर डोकं ठेवून टुकुटुकु पाहत होती. खाटेशी झाडूवाल्या रुख्मिणीबाई ओला पोछा घेऊन वाकल्या होत्या आणि पुटपुटत होत्या.

"कोण आलं असं तेलाचे पाय घेऊन? तिसऱ्यांदा पुसून राहिले. पुसलं की वाळतं, वाळलं की पुन्हा दिसतं."

चाचा थांबले. रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा उजेड रागिणीच्या तोंडावर आला आणि निघून गेला.

"काय दिसत होतं, चाचा?" रागिणीने विचारलं. त्या रात्री ती पहिल्यांदाच बोलली.

"पाऊल," चाचा म्हणाले. "उघड्या पायाचं, उजवं. काळ्या तेलाचं. ब्रेकमधी असतं तसलं. पाची बोटं साफ उमटलेली, खाटेकडं तोंड करून."

"एकच?"

"एकच. हनुमाननं दारापर्यंत पाहिलं, बाहेर जिन्यापर्यंत पाहिलं. पांढरी फरशी, आरशासारखी लख्ख, कोरडी." चाचांनी मांडीवरचा पाना उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला. "यायचं पाऊल होतं. जायचं अजून कोणालाच दिसलं न्हाई."