तारांखालची चिंधी

यंगोनाची करवंटी पूर्ण भर रे, म्हाताऱ्याला अर्धी देऊन फसवू नकोस. आणि तो दिवा जरा पलीकडे सरकव, डोळ्यांवर येतो. तुम्ही पोरं मघापासून कुजबुजताय ना, की पेनिसाच्या बासला तारांखाली ती निळी चिंधी कशाला, आणि तो तिला कुणाला हात का लावू देत नाही? त्याला विचारू नका. तो सांगायचा नाही. मी सांगतो, कारण त्या रात्री त्याला गावाच्या फाट्यावर उतरवणारा मीच, आणि सकाळी न्यायला आलेलाही मीच. मधलं सगळं त्याने मला पुढे एकदा सांगितलं, एकदाच, आणि तेही माझ्याकडे न बघता.

काम साधंच होतं. त्याच्या मामाच्या घरून एक बास गिटार आणायची, बस्स.

गेल्या ऑक्टोबरातला शुक्रवार, तारीख दहा. संध्याकाळी सातला मी त्याला नावुनियासीच्या फाट्यावर सोडलं. सकाळी साडेपाचला लाउतोकाच्या बाजारात भाजी घेऊन जाताना उचलीन, असं ठरलं. या किटिओनेमामाला देवाघरी जाऊन त्या दिवशी चौऱ्याण्णव रात्री झाल्या होत्या. शंभर नव्हे, चौऱ्याण्णव. आकडा लक्षात ठेवा.

पेनिसा तेव्हा लाउतोकाकडच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये बास वाजवायचा. फुलाफुलांचा शर्ट, रोज रात्री गोऱ्या पाहुण्यांपुढे. बँडचा म्होरक्या राजनील. तोंडाने तिखट, कानाने त्याहून तिखट. त्या आठवड्यात त्याने पेनिसाला सगळ्यांसमोर थांबवलं आणि म्हणाला, "हात पळतोय रे तुझा, पण तारा बडबडतायत. एक सूर संपत नाही तोवर दुसरा आत घुसतो, बाजाराच्या बसमध्ये घुसावं तसा. सोमवारी परत वाजवून दाखव. नाही जमलं तर मी दुसरा बघतो."

पेनिसाची मान खाली गेली ती जागा जाणार म्हणून नाही. तारा गप्प कशा ठेवायच्या हे त्याला बारा वर्षांचा असतानाच शिकवलं गेलं होतं, म्हणून.

शिकवलं होतं मामाने. किटिओनेमामासारखा बास या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे मी सांगायला नको. त्याची शिकवणी म्हणजे नुसता रगडा. एक तार छेडायची आणि चार मोजायचे. मग डाव्या हाताचं बोट अर्धं उचलायचं, सोडायचं नाही, नुसतं तारेला टेकलेलं ठेवायचं. तार गप्प. आता चार मोजेपर्यंत गप्पच बसायचं. मग पुढचा सूर. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने चालवायची आणि अंगठा जाड तारेवर टेकवून ठेवायचा, म्हणजे ती आपणहून गुणगुणत नाही. तास-तास हेच. बाहेर पोरं रग्बी खेळायची आणि पेनिसा आत रडकुंडीला येऊन चार मोजायचा. मामा समोर बसून चटईवर टाचेने ताल धरायचा. म्हणायचा, "वाजवतात सगळेच, पोरा. तू थांबवायला शीक."

आणि घोडीजवळ, तारांच्या खाली, मामाने एक निळी चिंधी खोचून बांधलेली असायची. त्याने तारांचा आवाज आखूड आणि गोल यायचा, गुणगुण मरायची. मामीचा लग्नात नेसलेला सुलू कोळशाच्या इस्त्रीने जळला होता, त्याची कापलेली पट्टी होती ती. एका कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता. मामी त्या डागावरून मामाला आयुष्यभर चिडवायची, कारण इस्त्री करायला तोच बसला होता.

आता त्याची लाज कुठली, ते ऐका. मागच्या नव्या वर्षाच्या रात्री चर्चच्या सभागृहात सगळं गाव जमलं होतं. पेनिसा शहरातून आलेला. फोनवर बघून बघून अंगठ्याने तारा आपटायला शिकला होता, तडाक् तडाक्, आणि ते दाखवायला हात शिवशिवत होते. मामा वाजवत असताना त्याने बास सरळ त्याच्या मांडीवरून उचलला. भाच्याला कोण अडवणार? मामाच्या घरातलं डुक्कर असो, होडी असो, बहिणीच्या मुलाने हात घातला की ते त्याचं. भाचेहक्क तो. पण चिंधी असली की तो तडाका खुलत नाही. म्हणून त्याने ती ओढून काढली, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "मामा, तारांना लंगोट कशाला नेसवलाय?"

सभागृह हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मामाही हसला. मग वाकून त्याने जमिनीवर टाकलेली चिंधी उचलली, तिची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्यानंतर त्याने बास हातात धरला नाही.

पेनिसाच्या आईने त्याला तीनदा बजावलं, यंगोनाच्या मुळांची जुडी घे, माझ्या भावापुढे जाऊन मान खाली घालून बस आणि चुकलो म्हण. तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात हॉटेलात लग्न असायचं, त्याच्या पुढच्या आठवड्यात जहाजाचे पाहुणे. जुलैच्या आठ तारखेला मामा झोपेतच गेला. पेनिसा पोचला तेव्हा माती पडून गेली होती. तो सगळ्यांच्या मागे बसला, मामीच्या तोंडाकडे न बघता, आणि पहिल्या गाडीने परत गेला.

तर सोमवारी मामाच्याच बासवर वाजवून दाखवायचं, असं त्याने मनात धरलं होतं. त्या शुक्रवारी तो गावात शिरला तो खारफुटीतल्या मागच्या वाटेने. हक्काने घेणारा माणूस पुढच्या दाराने येतो. चौऱ्याण्णव रात्री झाल्या तरी मामाच्या सुतकाची बंदी चालूच होती. शंभर रात्री गावात वाद्य नाही, मोठ्याने हाक नाही, मामाच्या वाटणीच्या समुद्रात जाळं नाही. मामी तेवढे दिवस दिराच्या घरी झोपत होती. मामाचं घर बंद होतं, नुसती कडी लावलेली.

पेनिसाने दार आतून ओढून घेतलं आणि सोबत आणलेला छोटा सौरदिवा लावला. बास पलंगाखाली होता, खोळीत. काढून मांडीवर घेतला. तारांवर गंज आला होता आणि घोडीजवळ चिंधीची जागा रिकामी होती. साडेपाचला बराच वेळ होता, आणि सोमवार डोक्यावर होता. त्याने मनाशी हिशेब केला. विजेला जोडलेला नाही. आवाज या भिंतीबाहेर जाणार नाही. हे काय वाजवणं झालं?

इथेच तो चुकला. बंदी आवाजावर नसते रे. हातावर असते.

घड्याळात पावणेआठ झाले होते. त्याने पहिली तार छेडली, चार मोजले, बोट टेकवलं. ती तार गप्प झाली, पण बाकीच्या तीन गुणगुणत राहिल्या. परत केलं. परत तेच. राजनील खोटं बोलत नव्हता, तारा बडबडतच होत्या. त्याने दात आवळले आणि मामाचाच धडा पहिल्यापासून धरला. चार वाजव, चार गप्प. चार वाजव, चार गप्प.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला, गप्प राहायच्या वेळात, त्याला ताल ऐकू आला. चटईवर. टाचेने.

धप्. धप्. धप्. धप्.

आपलीच टाच, असं त्याला वाटलं. तो वाजवत राहिला. मग त्याने खाली बघितलं.

तो मांडी घालून बसला होता.

त्याने हात थांबवले. टाचेने चार पुरे केले... आणि तीही थांबली.

बाहेर समुद्र होता. दुसरं काही नव्हतं. तो हळूच म्हणाला, "मामी?"

...

त्याने बास बाजूला ठेवायला उचलला.

धप्. धप्. धप्. धप्.

आणि गप्प. पुढच्या सुराची वाट बघावी तसं गप्प.

काय रे, हसतोस काय? प्यायला होता म्हणतोस? एक थेंब नव्हता त्याच्या पोटात. ऐकायचं तर ऐक, नाहीतर घरी जा. जाशील एकटा? नाही ना? मग बस.

त्याने वाजवलं. काय करणार? बोटं चुकत होती आणि तारा आधीपेक्षा जास्त गुणगुणत होत्या. चार मोजले. बोट टेकवलं. तीन तारा गुणगुणत राहिल्या... आणि एकदम मेल्या.

तिन्ही. एकाच क्षणी.

त्याने आपले हात बघितले. डावा बासच्या मानेवर. उजवा तारांवर, वरच्या बाजूला. घोडीजवळ काही नव्हतं.

पण बास तिथे जड झाला होता. कुणी तळवा ठेवावा तेवढा.

तो मला म्हणाला, "काका, भीती पहिल्या मिनिटातच संपली. मग नुसती लाज उरली. अंग जळत होतं लाजेने." मामा मारायला, घाबरवायला आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण मामा शिकवायला बसला होता. ज्याने भर सभेत त्याची चिंधी नाचवली, त्याच्यासमोर, पहिल्या धड्यापासून.

"मामा, मी..." त्याने तोंड उघडलं. पुढचा शब्द निघेना. निघणार कसा? रिकाम्या हाताने, मागच्या दाराने आलेला, बंदी मोडून बसलेला माणूस माफी मागणार कुठल्या तोंडाने?

धप्. धप्. धप्. धप्.

त्याने वाजवलं.

नवाच्या सुमाराला दिवा बारीक झाला. मग विझला. अंधारात धडा चालू राहिला. तारा चुकल्या की तो तळवा पडायचा. हळूहळू... कमी पडायला लागला. मग एक फेरी अशी आली की तळवा पडलाच नाही. तार वाजली, थांबली, आणि घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. चार मात्रा संपल्या. टाच वाजली नाही.

तो तसाच बसून राहिला. माफी स्वीकारली की आपल्यात ओंजळीची खोल टाळी देतात, ती येईल म्हणून त्याने कान लावले.

टाळी आली नाही.

पहाटे पाचला त्याने अंधारातच चाचपत बास खोळीत घातला आणि चेन ओढली. साडेपाचला मी फाट्यावर आलो तर हा नाही. हॉर्न वाजवायची सोय नव्हती, म्हणून चालत आत जायला निघालो, तर तो वाटेतच समोर उभा. रात्रीत म्हातारा झालेला. मला म्हणाला, "काका, गाडीतली यंगोनाची एक जुडी दे. आणि माझ्याबरोबर चल, मला एकट्याला जमायचं नाही." गाडी आणि भाजी तशीच सोडून मी गेलो.

या वेळी पुढच्या वाटेने गेला. मामीच्या दिराच्या उंबऱ्याशी बसला, जुडी पुढे ठेवली, बास मांडीवर आडवा घेतला आणि मान खाली घातली. मामी चुलीपाशी होती, ती आली. दीर आला. पेनिसाने आपल्या सगळ्या चुका सांगितल्या, नव्या वर्षाच्या रात्रीपासून. चोरून आलो, म्हणाला. बंदी मोडली, म्हणाला. मी त्याच्या मागे बसलो होतो. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

दिराने बराच वेळ जुडीला हात लावला नाही. मग उचलली आणि ओंजळीने टाळी दिली, तीनदा. म्हणाला, बास शंभराव्या रात्रीपर्यंत या घरातून हलणार नाही. पेनिसाने मान हलवली. त्या मान हलवण्यात सोमवार गेला, राजनील गेला, फुलाफुलांचा शर्ट गेला.

मग मामी बोलली. आवाज अगदी साधा, स्वयंपाकाचं सांगावं तसा.

"तो तुझ्यावर रागावला नव्हता, बाळा. मी रागावले होते. तो म्हणायचा, पोराचा हात छान आहे, फक्त थांबायचं कळत नाही. येईल एक दिवस विचारायला, तेव्हा चिंधी लागेल त्याला. रोज शर्ट बदलला की या खिशातून त्या खिशात ठेवायचा. सहा महिने. तू आला नाहीस. मग मी त्याला शेवटचा शर्ट घातला, त्याच्याच खिशात ती ठेवली आणि बटण लावलं."

पेनिसा तिथे रडला. मोठ्याने नाही, बंदी होती ना. तोंडात मूठ धरून.

मामीने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "दाखव तो बास. गंजलेल्या तारांवर रात्रभर हात घासलास, काय अवस्था केलीस बघू."

त्याने चेन उघडली. आता उजाडलं होतं, उन्हाची पहिली तिरीप उंबऱ्यावर आली होती. खोळ बाजूला केली.

...

मामी वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

घोडीजवळ, चारही तारांच्या खाली, निळी पट्टी घट्ट खोचून बांधलेली होती. मामीने बोटाने तिचा कोपरा वर केला. कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता.