ठिणगी पडते, तरी जीप का रुसते?

ठिणगी पडत होती, पेट्रोलही येत होतं, मग जीप सुरू का होईना? किल्ली फिरवली की खोकायची, फटाक्‌कन बार काढायची आणि गप्प व्हायची.

"संपलं गं, मृणाल," म्हणत आबा जमिनीवरच बसले.

साल २०६८. कोल्हापुरात पेट्रोलची गाडी औषधालाही उरली नव्हती. विजेच्या मोटारींवर जन्मभर संशोधन केलेल्या आबांनी ही एक जीप मात्र जिवापाड जपली होती. संग्रहालय ती घेणार होतं, पण चालू असली तरच. नाहीतर आज चार वाजता भंगारवाले नेणार! जुनं इंजिन तडकलं, म्हणून आजोबा-नातीनं दुसऱ्या गाडीचं बसवलं. आता तीन वाजून गेले होते आणि बॅटरीही मरायला टेकली होती.

"माझंच चुकलं असणार. तारा मी लावल्यात," मृणाल रडवेली झाली.

"छे! काढताना प्रत्येक तारेला नंबराचा दोरा बांधलास. अगदी तशाच लावल्यास."

मृणाल चमकली. "पण आबा, ते नंबर जुन्या इंजिनाचे!"

आबा ताडकन उठले. "अरे देवा! अगं, इंजिनात चार सिलिंडर (पेट्रोलची वाफ जळते ते नळे). प्रत्येक जण पाळीपाळीनं वाफ दाबतो. दाबली की लगेच ठिणगी हवी. ती पाळी प्रत्येक इंजिनाची वेगळी असू शकते. डिस्ट्रिब्युटर (पाळीनं वीज वाटणारी डबी) बिचारी तारा जातील तिकडे ठिणगी पाठवते. वाफ नसेल तिथेही!"

"मग या इंजिनाची पाळी कोणती?"

"त्यालाच विचारू. बुचं आण!"

ठिणगी पाडणारे प्लग काढून चारही भोकांत बुचं हलकेच बसवली. ठोकळा नावाच्या यंत्रमानवानं इंजिन हातानं सावकाश फिरवलं. दाबलेल्या हवेनं बुचं उडू लागली. पहिलं, दुसरं, चौथं, तिसरं!

"आपण लावलंय एक-तीन-चार-दोन," मृणाल ओरडली. "दोन आणि तीनची अदलाबदल!"

प्लग परत बसले, तारा बदलल्या. दारात भंगाराचा ट्रक येऊन थांबलाच. आता बॅटरीत एकाच खेपेपुरता जीव होता. मृणालनं किल्ली फिरवली. जीप एकदा खोकली... आणि धडधडू लागली!

आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डोळे पुसून त्यांनी ब्रश घेतला आणि इंजिनावर रंगानं लिहिलं: १-२-४-३.

"मी नसेन तेव्हा कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"कुणाच्या तरी काय, आबा?" मृणाल म्हणाली. "माझ्या!"